शिकवणारा एक, तपासणारा दुसरा हवा

पाण्याने भरलेल्या गुहेत शिरायची विद्या कुणाकडून शिकावी, यावर केव्ह डायव्हर मंडळींत फार जुना वाद आहे. एका पक्षाचं म्हणणं, पैसे भरून मान्यताप्राप्त संस्थेच्या इन्स्ट्रक्टरकडे पायरीपायरीने कोर्स करावा. दुसरा पक्ष म्हणतो, आठ दिवसांत पात्रतेचं कार्ड हातात ठेवणारा कोर्स ही दुकानदारी झाली. हे शिक्षण जाणत्या माणसाबरोबर, म्हणजे मेंटरबरोबर, वर्षानुवर्षं गुहा हिंडूनच अंगात मुरतं. माझ्या मते पैसा घेतला की नाही, हा यातला दुय्यम प्रश्न आहे. जो शिकवतो तोच पास करतो, हा खरा धोका आहे, आणि तो दोन्हीकडे सारखाच आहे.

आधी या विद्येत नेमकं काय कमवायचं असतं ते पाहू. उघड्या पाण्यात काही बिघडलं तर वर येता येतं. गुहेत डोक्यावर दगड असतो. ज्या वाटेने आत गेलो त्याच वाटेने, तितकंच अंतर कापून बाहेर यावं लागतं. त्यासाठी हवेचे तीन हिस्से करतात: एक आत जायला, एक बाहेर यायला, एक अडचणीत सापडलेल्या जोडीदारासाठी. पाठीवर १२ लिटरच्या दोन टाक्या आणि दाब २०० बार, म्हणजे ४,८०० लिटर हवा. हिस्से करताना २०० ऐवजी १८० धरतात, म्हणजे तीनने सरळ भाग जातो. एक हिस्सा ६० बार. काटा १४० वर आला की परत फिरायचं. तोवर १,४४० लिटर हवा खर्ची पडलेली असते. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर घेणारा माणूस २० मीटर खोलीवर, तिप्पट दाबामुळे, ६० लिटर घेतो. म्हणजे आत जायला २४ मिनिटं लागली. समजा, तशाच टाक्या घेऊन आलेल्या जोडीदाराची सगळी हवा नेमकी त्या टोकाला गेली. आता एकाच संचात उरलेल्या ३,३६० लिटरवर दोघांनी बाहेर यायचं. दोघं शांत राहिले तर ही हवा २८ मिनिटं पुरते. घाबरून दोघांचा श्वास दुप्पट झाला तर १४ मिनिटं. वाट तर २४ मिनिटांची आहे.

नियम तोंडपाठ असणं पुरेसं का नाही, ते या आकडेमोडीतच दिसतं. तिसऱ्या हिश्श्याचा नियम वाचवतो तो श्वास ताब्यात राहिला तरच. आणि प्रवाह आतल्या दिशेने ओढत असेल तर तोही अपुरा पडतो, कारण आत जाताना पाण्याने मदत केलेली असते आणि बाहेर येताना त्याच्याशी झगडावं लागतं. जोडीदाराच्या टाक्या मोठ्या असतील तर बारच्या आकड्याला अर्थ उरत नाही, लिटरमध्ये हिशेब करावा लागतो: ज्याचा हिस्सा लहान, त्याच्या हिश्श्याइतकीच हवा दोघांनी आत जायला वापरायची. हे गणित दहा मिनिटांत समजतं. ते अंगवळणी पडायला मात्र खूप डाइव्ह लागतात.

कोर्सच्या बाजूने पहिला पुरावा इतिहासाचा. फ्लोरिडाच्या झऱ्यांमध्ये १९६० आणि ७०च्या दशकांत माणसं मोठ्या संख्येने मेली. शेक एक्सली हा पेशाने गणिताचा शिक्षक आणि त्या काळातला अव्वल केव्ह डायव्हर. त्याने अपघातांची चिकित्सा करून मृत्यूंमागची कारणं वेगळी काढली: परतीची वाट दाखवणारी दोरी बाहेरपर्यंत सलग नसणं, परतीसाठी दोन तृतीयांश हवा न राखणं, खास वायुमिश्रण न घेता साध्या हवेवर फार खोल जाणं. पुढे त्यात प्रशिक्षणाचा अभाव आणि तीनपेक्षा कमी दिवे यांची भर पडली. आज जगातल्या बहुतेक केव्ह कोर्सचा पाया हीच पाच कारणं आहेत. अमेरिकेत १९६८ मध्ये नॅशनल असोसिएशन फॉर केव्ह डायव्हिंग आणि १९७३ मध्ये नॅशनल स्पिलिऑलॉजिकल सोसायटीचा केव्ह डायव्हिंग विभाग उभा राहिला. ऑस्ट्रेलियात माउंट गॅम्बिअरजवळच्या 'द शाफ्ट' या विवरात १९७३ मध्ये चार जण बुडाले. त्याच वर्षी तिथल्या डायव्हरांनी आपली संघटना काढली आणि कुठल्या दर्जाच्या डायव्हरने कुठल्या विवरात उतरायचं ते ठरवून दिलं. सरकारने किंवा जमीनमालकांनी सगळंच बंद करण्याआधी आपणच शिस्त लावावी, हा त्यामागचा विचार होता.

फ्लोरिडातल्या अनेक गुहांच्या तोंडाशी आजही यमदूताचं चित्र असलेली पाटी आहे. अशाच गुहांमध्ये तीनशेहून जास्त डायव्हर मेले असून त्यांत ओपन वॉटरचे इन्स्ट्रक्टरही होते, असं तिच्यावर लिहिलेलं आहे. हे शेवटचे शब्द महत्त्वाचे. उघड्या पाण्यातला अनुभव, अगदी शिकवण्याचा परवानासुद्धा, गुहेत कामाला येत नाही. म्हणून काही झऱ्यांवर केव्ह कार्ड नसलेल्याला साधा टॉर्चही नेऊ देत नाहीत: उजेड नसेल तर माणूस अंधारात शिरणार नाही. मुख्य कायमची दोरीही मुद्दाम तोंडापासून बरीच आत सुरू केलेली असते, म्हणजे बाहेर पोहणाऱ्याला ती दिसून मोह होऊ नये.

मेंटरवाल्यांचा सर्वांत भक्कम दाखला ब्रिटनचा. १९३५ मध्ये वूकी होलमध्ये ग्रॅहम बॅल्कम आणि सोबत्यांनी शिरस्त्राणाचा अवजड पोशाख घालून पहिल्या मोहिमा केल्या आणि १९४६ मध्ये केव्ह डायव्हिंग ग्रुपची स्थापना झाली. या संघटनेत आजही शिक्षण विकलं जात नाही. नवा सभासद शिकाऊ म्हणून येतो, आपल्या भागातल्या जुन्या सभासदांबरोबर उतरतो आणि तयारी झाल्यावर परीक्षा देऊन पात्र ठरतो. ही पद्धत तिथे उत्तम चालली, हे निर्विवाद आहे.

मात्र ती का चालली, याची कारणं पाहिली तर ती सगळीकडे का चालणार नाही तेही कळतं. तिथला शिकाऊ आधी कोरड्या गुहांमध्ये वर्षानुवर्षं सरपटलेला असतो. अंधार, चिखल, अरुंद फट, थंडी हे सगळं त्याच्या ओळखीचं असतं. नवीन असतं ते फक्त पाणी. फ्लोरिडात किंवा मेक्सिकोत येणारा माणूस याच्या नेमका उलट असतो: पाणी त्याला ठाऊक आहे, गुहा नाही. ब्रिटनमधले पाण्याने भरलेले बोगदे बहुधा आखूड, गढूळ आणि गारठलेले. हात लांबवला तर बोटं दिसत नाहीत अशा ठिकाणी जोडीदार मदतीपेक्षा अडचणच ठरतो. म्हणून तिथे एकेकट्याने, कुशीला बांधलेल्या दोन स्वतंत्र टाक्यांवर उतरायची रीत पडली. तिथे चूक लगेच अंगाशी येते आणि माणूस पहिल्याच वळणावरून परततो. मेक्सिकोच्या क्विंताना रू भागात पाणी कोमट, दृष्टी पन्नास मीटर, दगडी लोलक झुंबरांसारखे लटकलेले. तिथली गुहा माणसाला काही जाणवू न देता आत ओढून नेते. २०१८ मध्ये साक आक्तुन आणि दोस ओखोस या दोन जाळ्यांना जोडणारा मार्ग सापडला, तेव्हा त्यांची एकत्र लांबी ३४७ किलोमीटर भरली. अशा ठिकाणी 'मित्राबरोबर जाऊन बघू' हे शिक्षण होऊ शकत नाही.

थायलंडच्या थाम लुआंग गुहेचा दाखला या वादात हटकून येतो. जून-जुलै २०१८ मध्ये बारा मुलं आणि त्यांचा फुटबॉल प्रशिक्षक तिथे अडकले. किर्लोस्कर ब्रदर्सच्या तंत्रज्ञांनी पाणी उपशाच्या कामात मदत केली, म्हणून ती घटना मराठी घरांत जवळची वाटली. मुलांपर्यंत पहिले पोहोचले ते रिक स्टॅन्टन आणि जॉन व्होलान्थन, दोघंही ब्रिटिश परंपरेत तयार झालेले. 'बघा, कार्डवाले नव्हे, मेंटरच्या हाताखालचेच कामी आले' असं त्यावरून म्हटलं जातं. हा निष्कर्ष घाईचा आहे. कामाला आली ती गढूळ, वाहत्या, अरुंद पाण्यातली कित्येक वर्षांची सवय. ती सवय नसताना त्याच गुहेत किती धोका होता, ते थायलंडच्या नौदलाचे माजी जवान समन कुनान यांच्या मृत्यूने दाखवलं; ६ जुलैला ते आत हवेच्या टाक्या पोहोचवून परतत होते. शरीराने कणखर, धैर्यवान, पाण्यात मुरलेला माणूस, तरीही गेला.

आता मेंटर पद्धतीत बिघडतं कसं, ते नीट पाहायला हवं, कारण बिघाड वरून दिसत नाही. अनुभवी डायव्हर नवख्याला म्हणतो, 'तू फक्त माझ्या मागे ये.' दोरीची रील त्याच्या हातात. हवेचा हिशेब त्याचा. मुख्य दोरी सोडून फाट्याला लागायचं की नाही, हा निर्णय त्याचा. नवखा मागून सुंदर गुहा बघत येतो आणि वहीत लिहितो: खोली अमुक, वेळ तमुक, आत चारशे मीटर. अशा तीस डाइव्ह झाल्या तरी त्याने एकही निर्णय घेतलेला नसतो. या प्रकाराला डायव्हर 'ट्रस्ट-मी डाइव्ह' म्हणतात आणि त्या नावातच दोष उघड आहे. कसोटी सोपी आहे: या क्षणी मेंटर नाहीसा झाला, तर हा माणूस एकट्याने बाहेर पडू शकेल का? फाट्यावरून मुख्य दोरीवर आल्यावर डावीकडे वळायचं की उजवीकडे, हे त्याला माहीत आहे का? उत्तर 'नाही' असेल तर तो मेंटरच्या हवेवर आणि मेंटरच्या स्मरणशक्तीवर जगतो आहे.

दुसरा दोष जास्त सूक्ष्म. पाचशे डाइव्ह झालेला माणूस आपण काय करतो हेच विसरलेला असतो. गुडघे वाकवून पाय वर ठेवणं, पायांना लावलेल्या पंखांचा झोत तळावर न पडू देणं, सोडलेले बुडबुडे छताला आपटून वरून माती झडते म्हणून एकाच जागी न रेंगाळणं, हे त्याच्या शरीराने केव्हाच उचललेलं असतं. ते सांगायचं असतं, हेच त्याच्या लक्षात येत नाही. शिवाय त्याने स्वतः केलेल्या काटछाटीही शिष्याकडे जातात. तिसरा दिवा घेत नाही, कारण आजवर लागला नाही. फाट्यावरची दोरी मुख्य दोरीला जोडत नाही, कारण अंतर दोन मीटरच आहे. प्रत्येक वेळी सुखरूप बाहेर आल्यामुळे ती काटछाटच रीत होऊन बसते. आणि तो मित्र असतो. मित्राला 'तुझी तयारी झालेली नाही' हे कुणी सांगत नाही.

विकाऊ कोर्सचा दोष उघडा आहे, तो म्हणजे वेळ. कॅव्हर्न (तोंडाचा उजेड पोहोचतो तेवढाच भाग), इंट्रो, अप्रेंटिस, फुल केव्ह, अशा चार पायऱ्या बऱ्याच ठिकाणी सलग आठ दिवसांत आणि सोळा-सतरा डाइव्हमध्ये उरकतात. अप्रेंटिस ही पायरी मुळात मुदतीची होती: फुल केव्हकडे जाण्याआधी काही काळ मर्यादेत राहून डाइव्ह करा, हा तिचा हेतू. सलग कोर्समध्ये ती मंगळवारी मिळते आणि गुरुवारी ओलांडली जाते.

आठ दिवसांत काय मुरत नाही, याचं एकच उदाहरण जवळून पाहू: उजेड नसताना दोरीवरून बाहेर येणं. गाळ उठला, दिसेनासं झालं. दोरीभोवती अंगठा आणि तर्जनीचं सैल कडं करायचं. दोरी ओढायची नाही, ओढली तर ती खडकावरून सुटते. मागच्याने पुढच्याचा दंड किंवा पोटरी धरायची. ढकललं की पुढे, दाबलं की थांब, ओढलं की मागे. हवा वाटून घेत असतील तर ज्याची हवा गेली तो पुढे, देणारा मागे, मध्ये दोन मीटरची लांब नळी. इथवर सोपं. मग हात त्या जागी येतो जिथे दोरी खडकाला वळसा घालून बांधली आहे. कडं अडतं. पुढची दोरी खडकाच्या पलीकडच्या बाजूने, बहुधा वेगळ्याच उंचीवर निघालेली असते. मोकळ्या हाताने ती शोधून, ती पुढेच जाते याची खात्री करून, मगच पहिला हात सोडायचा. नवखा आधी सोडतो. अर्ध्या सेकंदात दोरी गेलेली असते. तशीच गत कोपऱ्यावर: आत येताना दोरी आतल्या अंगाला ताणली गेली असेल तर ती फटीत शिरते, हात जातो, शरीर जात नाही. उजेडात ही चूक दिसतच नाही. म्हणून दोरी टाकतानाच परतीच्या आंधळ्या हाताचा विचार करावा लागतो.

कोर्समध्ये हा सराव होतो, डोळ्यांवर झाकण घालून. पण तो केव्हा होणार हे विद्यार्थ्याला सकाळीच माहीत असतं. आदल्या संध्याकाळी त्याने तो मनात घोकलेला असतो आणि इन्स्ट्रक्टर हाताच्या अंतरावर असतो. त्याने त्या दिवशी ते केलं, एवढंच त्यातून सिद्ध होतं. सहा महिन्यांनी, दमलेला असताना, न सांगता गाळ उठला तर तो करेल की नाही, ते कळत नाही. दोरी हातची सुटलीच तर आधी थांबायचं, जवळच्या सुट्या दोरीचा स्पूल शेजारच्या खडकाला बांधायचा, आणि मगच एका दिशेने, मग दुसऱ्या दिशेने चाचपत जायचं. घाबरलेला माणूस थांबतच नाही, आधी पाय मारतो. पाय मारल्याने उरलासुरला तळही वर येतो.

तरीही नवख्याने सुरुवात कोर्सनेच करावी, असं माझं ठाम मत आहे. चांगला इन्स्ट्रक्टर दर महिन्याला नवे चुकणारे हात बघतो. कुठे चूक होणार ते त्याला चूक होण्याआधी दिसतं. त्याच्याकडे ठरलेली यादी असते, विमा असतो, तक्रार करायला वर संस्था असते. मेंटरकडे यातलं काहीच नसतं. पण फुल केव्हचं कार्ड त्याच आठवड्यात देणं बंद व्हायला हवं. इंट्रोची मर्यादा, म्हणजे मुख्य दोरी न सोडणं आणि आणखी कमी हवा वापरून परत फिरणं, पाळून किमान पंचवीस डाइव्ह झाल्यावरच पुढची पायरी मिळावी. हे अशक्य नाही. ग्लोबल अंडरवॉटर एक्सप्लोरर्स दुसऱ्या केव्ह पायरीसाठी असाच अनुभव मागते, आणि तिचं कार्ड ठरावीक वर्षांनी बादही होतं.

मेंटरची खरी जागा या मधल्या काळात आहे, आणि तिथे त्याच्यावरही नियम हवेत. रील शिकाऊच्या हातात: तो आत जाताना पहिला, बाहेर येताना शेवटचा. हवेचा हिशेब तो मांडेल, मेंटर फक्त तपासेल. त्याच्या कार्डाच्या मर्यादेपलीकडे मेंटरने त्याला एक मीटरही नेऊ नये. तीच गुहा पुन्हापुन्हा करावी, ऋतू बदलल्यावरही, कारण सुवानी नदीला पूर आला की फ्लोरिडातले काही झरे उलटे वाहू लागतात आणि काल काचेसारखं असलेलं पाणी आज चहासारखं होतं. याचे मेंटरने पैसे घेतले तरी हरकत नाही.

आणि शेवटची तपासणी अनोळखी माणसाने करावी. ज्याने विद्यार्थ्याला आधी पाहिलेलं नाही, ज्याची फी निकालाआधीच वेगळी भरलेली आहे, असा दुसरा इन्स्ट्रक्टर शेवटच्या दिवशी दोन डाइव्ह करेल. बेत विद्यार्थी आखेल, अडचण केव्हा येणार हे त्याला माहीत नसेल. आज फी घेणाराच आठव्या दिवशी 'नापास' म्हणायला धजावत नाही, कारण समोरचा विमानाने आलेला, रजा संपत आलेला, आणि परत गेल्यावर चार लोकांना सांगणारा असतो. ब्रिटिश पद्धतीचं यश मला तिच्या फुकट असण्यात दिसत नाही. तिथे पात्रता एकटा मेंटर देत नाही, गट परीक्षा घेऊन देतो, हे त्यातलं उचलण्यासारखं आहे. खर्च एका दिवसाने वाढेल, हा आक्षेप मान्य. ज्या गावात एकच इन्स्ट्रक्टर आहे तिथे अडचण येईल, हाही मान्य. पण मेक्सिकोतल्या टुलुममध्ये किंवा उत्तर फ्लोरिडात इन्स्ट्रक्टरांची वाण नाही, आणि जगातले बहुतेक विद्यार्थी तिथेच शिकतात.

पुण्या-मुंबईहून शिकायला जाणाऱ्याला हा प्रश्न जास्त बोचतो. सह्याद्री बसाल्टचा, केव्ह डायव्हिंगच्या लांबलचक गुहा बहुतेक चुनखडीत होतात. म्हणजे सराव करायला जवळ गुहा नाही, आणि दोन आठवड्यांच्या रजेत सगळं उरकून येण्याचा मोह मोठा. आपल्याकडच्या गिर्यारोहकांनी याचं उत्तर केव्हाच शोधलं आहे: उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत २८ दिवसांचा बेसिक कोर्स करायचा आणि मग क्लबच्या ज्येष्ठांबरोबर सह्याद्रीच्या कड्यांवर वर्षानुवर्षं हात साफ करायचा. कोर्स करून आलेल्याला लगेच कुणी लीड घेऊ, म्हणजे दोरीवर पहिलं चढू, देत नाही. तसंच इथे दोन फेऱ्या कराव्यात. पहिल्या फेरीत कॅव्हर्न आणि इंट्रो, त्यानंतरचे दिवस त्याच मर्यादेत नुसत्या डाइव्ह, आणि वर्षभराने दुसरी फेरी. मधल्या काळात बागेतल्या झाडांना चाळीस मीटर नायलॉनची दोरी गुडघ्याच्या आणि कमरेच्या उंचीवर, दोन-तीन कोपरे आणि एक फाटा ठेवून बांधायची, डोळ्यांवर पट्टी बांधून, मित्राचा हात दंडावर घेऊन ती पार करायची, आणि मित्राने न सांगता मध्येच हात सोडवायचा. तरणतलावात तळापासून हातभर वर, आडवं, हात न हलवता वीस मिनिटं तरंगायचं. मागे सरकणारी किक जमेपर्यंत सोडायची नाही. इन्स्ट्रक्टर निवडताना दराच्या आधी एक प्रश्न विचारावा: गेल्या वर्षी तुम्ही किती जणांना कार्ड न देता परत पाठवलं, आणि का? जो आकडा सांगून कारणं उलगडतो, त्याच्याकडे नाव नोंदवावं.